मागणी कोणासाठी? कॅथलिक श्रद्धा आणि राजकारण



संयोजकांनी या व्याख्यानासाठी विषय दिला तो असा: चर्चने राजकारणात पडावं की पडू नये? वसईत हा प्रश्न मी जन्मभर ऐकतो आहे. त्यातली गंमत अशी की 'पडावं' म्हणणारे आणि 'पडू नये' म्हणणारे हे दोन वेगळे गट नाहीत. माणसं तीच असतात. प्रवचनात फादर असं काही बोलले की ज्याने आपल्या उमेदवाराची पंचाईत व्हावी, तर 'फादरांनी मिस्सा करावी, राजकारण कशाला?' आणि आपल्याला हवं ते फादर बोलले नाहीत, तर 'चर्च भूमिका का घेत नाही?' हे दोन्ही एकाच तोंडून, कधी कधी एकाच निवडणुकीत.

म्हणून हा प्रश्न मी थोडा फिरवून घेणार आहे. कॅथलिक माणूस राजकारणाबाहेर राहू शकत नाही, हे मी गृहीत धरतो. तो मतदार आहे, करदाता आहे. त्याच्या शाळेला अनुदान लागतं आणि दफनभूमीला सातबारा लागतो. आपल्याच काका बाप्टिस्टांचं उदाहरण घ्या. माझगावच्या माथारपाखाडीतले हे ईस्ट इंडियन कॅथलिक, टिळकांचे सहकारी. १९१६ साली होमरूल लीग निघाली तेव्हा तिचे अध्यक्ष झाले, पुढे मुंबईचे महापौरही झाले. हे करायला धर्माची आडकाठी येते असं त्यांना वाटल्याचं दिसत नाही. तेव्हा पडावं की नाही, हा खरा वाद नव्हे. पडताना तुम्ही हातात काय घेऊन जाता, कोणाची मागणी घेऊन जाता, हा वाद आहे.

आमच्या हातात काय असतं ते आधी सांगतो. निवडणूक जवळ आली की रविवारी मिस्सा सुटायच्या वेळी उमेदवार चर्चच्या आवारात हजर असतो. म्हाताऱ्या बायकांना वाकून नमस्कार, पोरांच्या पाठीवर थाप, फादरांबरोबर मोबाइलवर एक फोटो. मग कोणीतरी खिशातून घडी घातलेला कागद काढून त्याला देतो. हा कागद मी पुष्कळदा वाचला आहे, क्वचित तो माझ्याच अक्षरातला होता. त्यात काय असतं? आवारात पेव्हर ब्लॉक. दफनभूमीला कुंपणाची भिंत. क्रुसापाशी हायमास्ट दिवा. शाळेला वाढीव तुकडी. कागद खिशात घालत उमेदवार म्हणतो, 'झालं समजा.' आणि बरेचदा होतंही. त्या कागदातली एकही मागणी गैर नाही. भिंत पडली असेल तर ती बांधायलाच हवी. माझा आक्षेप इतकाच की कागद तिथेच संपतो.

हा कागद लहान आहे म्हणून हसू येतं. तोच कागद मोठा झाला की काय होतं, हे बघायला केरळात जावं लागेल.

१९५७ साली केरळात निवडणूक झाली. १२६ पैकी ६० जागा कम्युनिस्ट पक्षाला मिळाल्या आणि काही अपक्षांना घेऊन ५ एप्रिलला नंबुद्रिपाद मुख्यमंत्री झाले. शिक्षणमंत्री झाले जोसेफ मुंडश्शेरी, मल्याळममधले नामांकित समीक्षक. हे स्वतः त्रिशूरच्या कॅथलिक घरातले, तिथल्याच सेंट थॉमस कॉलेजात मल्याळम शिकवलेले. त्यांनी शिक्षण विधेयक आणलं. केरळातल्या खाजगी शाळांचा मोठा वाटा चर्चकडे होता. सरकारचं अनुदान व्यवस्थापकाच्या हाती पडायचं आणि तिथून शिक्षकाला पगार मिळायचा. सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच आकडा, अशी शिक्षकांची जुनी तक्रार होती. असं काही आपल्याकडे झालंच नाही, असं सभागृहातल्या निवृत्त शिक्षकांनी तरी म्हणू नये. विधेयकात असं होतं की पगार थेट सरकारी तिजोरीतून मिळेल, नेमणुका लोकसेवा आयोगाच्या यादीतून होतील, आणि गैरकारभार दिसला तर सरकार शाळेचा कारभार ताब्यात घेऊ शकेल.

चर्चची भीती अगदीच पोकळ नव्हती. निरीश्वरवादी पक्षाचं सरकार, त्याच्या हाती आपल्या शाळा, आणि पूर्व युरोपातल्या चर्चचे हाल सगळ्यांच्या डोळ्यांपुढे ताजे. विधेयक राष्ट्रपतींकडे गेलं, त्यांनी ते सर्वोच्च न्यायालयाच्या मतासाठी पाठवलं. मे १९५८ मध्ये न्यायालयाने सांगितलं की यातल्या काही तरतुदी अल्पसंख्याकांच्या शाळांना लावणं घटनेच्या ३० व्या कलमात बसत नाही. बाकीचं बरंचसं चालण्यासारखं आहे, असंही सांगितलं. विधेयक दुरुस्त झालं आणि फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपतींची संमती मिळाली. म्हणजे ज्या हक्कासाठी भांडायचं होतं, तो घटनेने आणि कोर्टाने राखून दिला होता.

तरीही १२ जून १९५९ला 'विमोचन समरम', मुक्तिसंग्राम, सुरू झालाच. आता त्यात जमीन सुधारणेचं विधेयकही आलं होतं, त्यामुळे मन्नत्तु पद्मनाभन यांची नायर सर्व्हिस सोसायटी आणि चर्च एका मांडवात आले. विरोधी पक्ष होतेच. ख्रिस्तोफर नावाची स्वयंसेवक दलं कवायत करू लागली. शाळांना कुलपं लागली. १३ जूनला अंगमालीत पोलिसांनी गोळीबार केला, त्यात सात माणसं गेली. पुढे चेरियतुरा या मच्छीमार वस्तीत गोळीबारात फ्लोरी नावाची गरोदर कोळीण मारली गेली. तिचं नाव आंदोलनाची घोषणा झालं. सरकारही सोवळं नव्हतं. ज्या पोलिसांना कामगारांच्या भांडणात पडायचं नाही असं सांगितलं होतं, त्यांच्याच बंदुका आता गर्दीवर चालत होत्या. ३१ जुलैला केंद्राने ३५६ कलम लावून निवडून आलेलं सरकार बरखास्त केलं. चर्च जिंकलं.

काय जिंकलं? माझ्या मते सबंध प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे. ज्या शिक्षकांना थेट पगार मिळणार होता, त्यांतले हजारो स्वतः कॅथलिक होते. रविवारी त्याच चर्चमध्ये त्याच बाकांवर बसणारे. जमीन विधेयकात ज्या कुळांना जमीन मिळायची होती त्यांतही ख्रिस्ती कुळं होती. चर्चने लढा दिला तो त्यांच्यासाठी नव्हता. तो शाळेच्या व्यवस्थापकासाठी होता, म्हणजे स्वतःसाठी. 'श्रद्धा धोक्यात' ही हाक खरी वाटण्याइतकी मोठी होती, पण धोक्यात आलेली वस्तू नेमणुकीचा अधिकार होती. आणि निवडून आलेलं सरकार उलथवायला ३५६ कसं वापरायचं, याचा धडा दिल्लीने तेव्हा गिरवला तो पुढे कितीदा कामाला आला, हे सांगायला नको.

या आंदोलनाच्या आघाडीवर एक धर्मगुरू होते, फादर जोसेफ वडक्कन. कम्युनिस्टविरोधी प्रचारातलं मोठं नाव. दोन वर्षांनी, १९६१मध्ये, डोंगरातून हुसकावलेल्या शेतकऱ्यांना सरकारने अमरावती या जागी उघड्यावर आणून टाकलं. ए. के. गोपालन या कम्युनिस्ट पुढाऱ्याने तिथे उपोषण मांडलं. त्या बेघर शेतकऱ्यांच्या बाजूने फादर वडक्कनही उभे राहिले, कालच्या शत्रूच्या शेजारी. पुढे त्यांनी शेतकरी-कामगारांचा पक्ष काढला आणि १९६७ मध्ये तो नंबुद्रिपादांच्याच आघाडीत सामील झाला. या माणसाला कोणी धरसोड्या म्हणतं, कोणी महत्त्वाकांक्षी. धर्मगुरूने पक्ष काढावा हे मलाही पटत नाही. पण अमरावतीत बसलेल्या माणसांचा धर्म कोणता, हे त्याने बघितलं नाही. १९५९च्या सगळ्या धामधुमीपेक्षा मला ते पाऊल अधिक ख्रिस्ती वाटतं.

केरळावरच थांबलो तर अन्याय होईल, म्हणून एक युरोपीय दाखला धावता सांगतो. जर्मनीतल्या कॅथलिकांचा सेंटर पक्ष जुना आणि शिस्तीचा. १९३३ साली त्याचे अध्यक्ष होते लुडविग कास, स्वतः धर्मगुरू. २३ मार्चला हिटलरला सर्वाधिकार देणाऱ्या कायद्यावर मतदान झालं आणि सेंटर पक्षाने बाजूने मत दिलं. बदल्यात कॅथलिक शाळा आणि चर्चचे हक्क यांबद्दल आश्वासनं मिळाली होती. जुलैच्या सुरुवातीला पक्षच विसर्जित झाला, २० जुलैला व्हॅटिकनशी करार झाला. पेव्हर ब्लॉकचा कागद मंजूर झाला म्हणायचा. ज्यांचं नाव त्या कागदात नव्हतं, त्यांचं काय झालं ते सगळ्या जगाला ठाऊक आहे.

आता दुसरी बाजू. मध्य अमेरिकेतला एल साल्वादोर हा देश आकाराने आपल्या एखाद्या मोठ्या जिल्ह्याएवढा. कॉफीच्या मळ्यांचा, मूठभर घराण्यांच्या मालकीचा, लष्कराच्या हाताखालचा. जवळजवळ सगळे कॅथलिक. इथे चर्च विरुद्ध परके असा सामना नव्हताच. मारणारा कॅथलिक, मरणारा कॅथलिक. फेब्रुवारी १९७७ मध्ये ऑस्कर रोमेरो सान साल्वादोरचे आर्चबिशप झाले. पुस्तकात डोकं घालणारे, जुन्या वळणाचे, कोणाच्या अध्यात ना मध्यात. मळेवाल्यांना नेमणूक पसंत पडली होती. १२ मार्चला त्यांचे मित्र, अगिलारेस गावचे जेझुइट धर्मगुरू रुतिलियो ग्रांदे, मिस्सेसाठी एल पाइस्नालला निघाले होते. उसाच्या शेतांमधल्या रस्त्यावर त्यांना गोळ्या घातल्या. गाडीतला म्हातारा आणि एक शाळकरी पोरगा, दोघेही मेले.

त्यानंतर रोमेरोंनी काय केलं ते बारकाईने बघण्यासारखं आहे. मोर्चा काढला नाही, पक्षाला पाठिंबा दिला नाही. पुढच्या रविवारी, २० मार्चला, आर्चडायोसिसमधल्या सगळ्या चर्चमधल्या मिस्सा रद्द केल्या आणि कॅथीड्रलमध्ये एकच मिस्सा ठेवली. पोपच्या राजदूताला ते पसंत नव्हतं. मळेवाल्यांच्या बायका म्हणाल्या असतील, आमची रविवारची मिस्सा बुडवता? पण ज्याला मिस्सा हवी त्याने त्या दिवशी मळ्यातल्या मजुरांच्या शेजारी उभं राहायचं, दुसरी सोय नव्हती. खुनाचा तपास होईपर्यंत सरकारी समारंभांना जाणार नाही असंही त्यांनी जाहीर केलं, आणि जुलैमध्ये नव्या राष्ट्राध्यक्षांच्या शपथविधीला खरोखरच गेले नाहीत.

आणि मग रविवारची प्रवचनं. चर्चच्या वायएसएएक्स या रेडिओ केंद्रावरून ती देशभर जात. शेताच्या बांधावर, बाजारात, बसमध्ये ट्रान्झिस्टर लागलेले असत. आधी त्या दिवसाच्या वाचनावर निरूपण, तेही भरपूर लांबलेलं. मग आठवड्याच्या घटना: कोण मारलं गेलं, कोणाला उचललं, कोणत्या गावातून, कोणत्या तारखेला. चर्चच्या कायदा मदत कार्यालयात बायका येऊन माहिती देत, ती पडताळली जाई आणि नावानिशी वाचली जाई. वर्तमानपत्रं गप्प होती, त्यामुळे देशाची बातमीपत्रं ही प्रवचनंच. केंद्र बॉम्बने उडवलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा उडवलं. यादी वाचणं हे राजकारण की प्रार्थना? आमच्याकडेही मिस्सेत मृतांची नावं वाचतात. फरक एवढाच की आम्ही मृत्यू कशाने आला ते वाचत नाही.

रोमेरोंबद्दल बोलताना लोक त्यांच्या हौतात्म्याजवळ घाईने जातात. मला मात्र त्यांचं ६ ऑगस्ट १९७८चं परिपत्रक जास्त महत्त्वाचं वाटतं. देशाचा सण तो, येशूच्या रूपांतराचा. योगायोगाने त्याच दिवशी रोमजवळच्या कास्तेल गांदोल्फोत पोप सहावे पॉल वारले. पत्रकावर सही रोमेरोंची आणि बिशप रिवेरा दामास यांची. विषय: चर्च आणि लोकांच्या राजकीय संघटना. शेतमजुरांच्या दोन संघटना तेव्हा जोरात होत्या. त्यांतल्या एकीच्या नावातच 'ख्रिस्ती' होतं. बायबल वाचता वाचता माणसं संघटनेत गेली होती, आणि सरकार त्यांना गोळ्या घालत होतं. बाकीच्या बिशपांनी वेगळं निवेदन काढलं की या डाव्या संघटनांशी चर्चचा संबंध नाही.

रोमेरोंचं म्हणणं थोडक्यात सांगतो, शब्द माझे. शेतमजुराला संघटना करण्याचा हक्क आहे, कारण तो माणूस आहे. तो ख्रिस्ती आहे की नाही, संघटना चर्चच्या ऐकण्यातली आहे की नाही, यावर तो हक्क ठरत नाही. चर्च त्या हक्काच्या बाजूने बोलणार. पण चर्च म्हणजे संघटना नव्हे आणि संघटना म्हणजे चर्च नव्हे. एकाच माणसाच्या मनात श्रद्धा आणि राजकारण यांची सांगड असावी, पण एकाला दुसऱ्याची जागा घेऊ देऊ नये. एखादी संघटना ख्रिस्ती माणसाला सांगू लागली की तुझी श्रद्धा आमच्या कार्यक्रमापुरती, तर त्याने तिथे 'नाही' म्हणावं. हिंसेबद्दलही त्यांनी सरसकट उपदेश केला नाही. उपाशी ठेवणारी रचना, सरकारी दडपशाही, सशस्त्र गटांची हिंसा, अंगावर आलेल्याला दिलेला प्रतिकार, अशी एकेक वेगळी मांडून प्रत्येकीचा वेगळा हिशोब केला.

पुढच्याच वर्षीच्या पत्रकात त्यांनी तीन मूर्ती दाखवल्या ज्यांची देशात पूजा चालली होती: संपत्ती, राष्ट्रीय सुरक्षा, आणि तिसरी, हे ऐकून डावे चिडले, खुद्द संघटना. ज्यांच्या हक्कासाठी शिव्या खाल्ल्या त्यांनाच हे सुनावणं सोपं नव्हतं. ऑक्टोबर १९७९ मध्ये तरुण अधिकाऱ्यांनी उठाव केला तेव्हा रोमेरोंनी नव्या सरकारला संधी द्या म्हटलं, तर डाव्यांनी त्यांना गद्दार ठरवलं. काही आठवड्यांत हत्या पूर्वीसारख्याच सुरू झाल्यावर ते पुन्हा सरकारविरुद्ध बोलू लागले. १७ फेब्रुवारी १९८०ला अमेरिकेच्या अध्यक्षांना, जिमी कार्टर यांना, पत्र लिहून लष्करी मदत थांबवा म्हणाले. २३ मार्चच्या प्रवचनात थेट सैनिकांना सांगितलं की आपल्याच शेतकरी भावांना मारण्याचा हुकूम पाळू नका. २४ मार्चच्या संध्याकाळी कर्करोग्यांच्या रुग्णालयाच्या छोट्या प्रार्थनामंदिरात मिस्सा करताना त्यांना गोळी घातली गेली.

इथून पुढची गोष्ट आमच्या चर्चची. त्यांना हुतात्मा म्हणायचं का, यावर रोममध्ये वर्षानुवर्षं काथ्याकूट चालला. हुतात्मा तो, ज्याला श्रद्धेच्या द्वेषातून मारलं. पण मारणारे बाप्तिस्मा घेतलेले, त्यांना कसला श्रद्धेचा द्वेष? मारलं ते राजकारणापायी, असा एक पक्ष. शेवटी फेब्रुवारी २०१५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी मान्य केलं की हे श्रद्धेसाठीचंच हौतात्म्य. १४ ऑक्टोबर २०१८ला रोमेरो संत झाले. गरिबाच्या हक्काची बाजू घेणं हे राजकारण की श्रद्धा, याचा निकाल लावायला व्हॅटिकनला पस्तीस वर्षं लागली. आपल्या कोर्टांना उगीच नावं ठेवतो.

आता एक आक्षेप. 'गरिबांसाठी' म्हणत धर्मगुरू मंत्री झाले तर? तेही झालं, जवळच्याच देशात. निकाराग्वात १९७९च्या क्रांतीनंतर काही धर्मगुरू थेट मंत्रिमंडळात गेले. त्यांतले कवी एर्नेस्तो कार्देनाल सांस्कृतिक मंत्री. ४ मार्च १९८३ला मानाग्वाच्या विमानतळावर ते गुडघ्यावर बसलेले आणि पोप दुसरे जॉन पॉल त्यांना बोट दाखवून सुनावताहेत, हा फोटो तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या धर्मसंहितेत स्पष्ट आहे की धर्मगुरूंनी राज्यसत्तेचं पद घेऊ नये. हा नियम उजव्या-डाव्या दोघांना. त्याआधी १९८० मध्ये अमेरिकी संसदेतले जेझुइट सदस्य रॉबर्ट ड्रिनन यांनाही पुन्हा उभं राहू नका असा हुकूम आला आणि त्यांनी तो पाळला. स्लोव्हाकियात योजेफ तिसो हा धर्मगुरू राष्ट्राध्यक्ष असताना १९४२ मध्ये हजारो ज्यूंना छळछावण्यांत पाठवलं गेलं, हे आठवलं की मला तरी तो नियम शहाणपणाचा वाटतो. मानाग्वातलं ते बोट मात्र गुडघे टेकलेल्या म्हाताऱ्या कवीसमोर उगारायला नको होतं. कार्देनाल यांच्यावरची बंदी २०१९ मध्ये उठली, त्यानंतर जेमतेम वर्षभर ते जगले.

या नियमाचा अर्थ मात्र आपल्याकडे उलटा लावला जातो. धर्मगुरूने पद घेऊ नये, म्हणजे राजकारण हे प्रापंचिकांचं काम, असं दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सांगितलं. प्रापंचिक ते काम फादरांवर ढकलतात आणि फादर नियमावर बोट ठेवतात. मधल्या मध्ये उमेदवार कागद घेऊन जातो.

भारतातल्या एका धर्मगुरूची आठवण इथे काढलीच पाहिजे, कारण तो नियम यायच्या आधीचा माणूस. फादर जेरोम डिसोझा, मंगळूरचे जेझुइट, मद्रासच्या लोयोला कॉलेजचे प्राचार्य राहिलेले. ते घटना समितीत होते. मे १९४९ मध्ये प्रश्न आला की धार्मिक अल्पसंख्याकांसाठी कायदेमंडळात राखीव जागा ठेवायच्या का. फाळणीची राख निवलेली नव्हती. राखीव जागा घेतल्या असत्या तर कोणी नावं ठेवली नसती. पण ख्रिस्ती प्रतिनिधींनी त्या सोडायला संमती दिली, त्यांत फादर जेरोम होते. धर्माचं स्वातंत्र्य सगळ्यांना हवं, जागा फक्त आम्हाला नकोत, असं ते धोरण. आज आमच्यातले काही जण हळू आवाजात म्हणतात की ती चूक झाली, आज दोन-चार आमदार तरी असते. मला नाही वाटत. ते आमदार पेव्हर ब्लॉकच आणत बसले असते. फादर जेरोम यांनी पुढे १९५१ साली पुण्यात इंडियन सोशल इन्स्टिट्यूट सुरू केली, ती नंतर दिल्लीला गेली. बेंगळुरूतल्या तिच्या भावंड संस्थेचे प्रमुख १९७५ ते १९८६ या काळात होते फादर स्टॅन स्वामी.

त्यांच्याबद्दल फार बोलत नाही. झारखंडच्या तुरुंगांत खितपत पडलेल्या आदिवासी कच्च्या कैद्यांसाठी त्यांनी उच्च न्यायालयात अर्ज केला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक झाली आणि ते स्वतःच कच्चे कैदी झाले. कंपवाताने हात थरथरत, पाणी पिता यावं म्हणून त्यांनी नळीचा पेला मागितला तो तळोजाच्या तुरुंगातून. ५ जुलै २०२१ला, जामिनाचा अर्ज मुंबई उच्च न्यायालयात असतानाच, वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात ते गेले. वय ८४. आमच्यातल्या बऱ्याच जणांनी त्यांचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते अटकेच्या बातमीत.

आता घराजवळ येतो. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस वसईच्या हिरव्या पट्ट्यावर बिल्डरांची नजर पडली, आणि नव्या इमारतींना पाणी नव्हतं म्हणून आमच्या विहिरींवर टँकर येऊ लागले. रात्रंदिवस पंप. केळीच्या वाड्या सुकायला लागल्या, विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो रस्त्यावर उतरले. हरित वसई संरक्षण समितीत ख्रिस्ती होते, हिंदू होते, समाजवादी होते, कुठल्याच वादात नसलेले वाडीवाले होते. ज्या काळात वसईत दहशतीपुढे माना खाली घालायची पद्धत होती, त्या काळात हे झालं. 'फादर राजकारण करतात' हा आरोप तेव्हाही झाला. फादरांनी पद घेतलं नाही, निवडणूक लढवली नाही. २००९ मध्ये महापालिकेत गावं घालायला लोकांनी विरोध केला, त्यामागेही त्याच चळवळीचं बळ होतं.

मागणी कोणासाठी, या माझ्या कसोटीला ही चळवळ पुरती उतरते का? मला स्वतःला हा प्रश्न अडचणीचा आहे. विहिरी आमच्या होत्या, जमिनी आमच्या होत्या. उत्तर असं देता येतं की पाणी जमिनीखाली धर्म बघून वाहत नाही, भुईगावचा पाझर आटला तर शेजारच्या हिंदू वाडीचाही आटतो. ते खरं आहे. पण टँकर भरून पाणी जात होतं ते कोणाकडे? रेल्वेच्या पलीकडे, नालासोपाऱ्याच्या चाळीत, मुंबईत घर परवडलं नाही म्हणून आलेल्या माणसाकडे. त्याला बिल्डरने फसवलं होतं आणि टँकरवाला लुबाडत होता. आमच्या लढ्याने विहीर वाचवली, ते बरंच झालं. त्याच्या नळाचा लढा आम्ही आमचा मानला नाही.

आजही आमच्या मागण्यांचा कागद रेल्वे रुळांपाशी थांबतो. पश्चिमेला आमची गावं, पूर्वेला वालीव, सातिवली, नालासोपाऱ्याच्या वस्त्या. तिथे रात्री दोनला हंडे घेऊन रांगा लागतात. तिथल्या बायका आमच्याच घरी धुण्याभांड्याला येतात, आमच्याच वाडीत खुरपणीला येतात. त्यांतल्या कित्येक ख्रिस्ती आहेत, झारखंड-ओडिशाकडून आलेल्या आदिवासी मुली, पण त्या मागच्या बाकावर बसतात आणि त्यांचं नाव आमच्या धर्मग्रामाच्या मतदार यादीत नसतं.

पुढच्या निवडणुकीला उमेदवार येईल तेव्हा त्याच्या हातात कागद जाणारच आहे. माझी सूचना एवढी आहे की तो कागद प्रापंचिकांनी लिहावा, फादरांकडून लिहून घेऊ नये. पहिल्या ओळीत पूर्वेच्या नळाची वेळ आणि दाब, दुसऱ्या ओळीत तिथल्या महापालिका शाळेच्या वर्गखोल्या. भिंत, दिवा, पेव्हर ब्लॉक खाली लिहा, नको म्हणत नाही. उमेदवार कागद वाचून विचारेल, 'हे लोक तुमचे आहेत का?' त्याला काय सांगायचं ते घरून ठरवून या. संयोजकांनी प्रश्नोत्तरांसाठी अर्धा तास ठेवला आहे आणि पुढच्या रांगेत दोन हात आधीच वर झालेले मला दिसताहेत, तेव्हा मी खाली बसतो.